जंगलातल्या म्हातारीचा खून

१

म्हातारी गेली हे वफीका इतानीला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळची कॉफी घेऊन ती पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आली, समोर पाहिलं आणि कप तसाच कठड्यावर ठेवून दिला.

रस्त्यापलीकडे, तारेच्या कुंपणाआड होर्श पसरलं होतं. बैरूतच्या पोटात उरलेलं पाइनचं जंगल. एप्रिलच्या उन्हात सगळी झाडं हिरवीगार, आणि मधोमध एकच, सगळ्यांत उंच, आठवडाभर पिवळत चाललेलं, आज शेंड्यापासून बुंध्यापर्यंत गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं.

त्या झाडाला अख्खा मोहल्ला ‘म्हातारी’ म्हणायचा. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात इस्रायली विमानांनी होर्शवर आग ओतली तेव्हा झाडं काड्यांसारखी पेटली. म्हातारी एका अंगाने कोळसा झाली, पण उभी राहिली, आणि तिच्या आडोशाने मूठभर जुनी झाडंही वाचली. लढाई संपल्यावर नवी रोपं लावली, भोवती कुंपण घातलं. रोपं मोठी होईपर्यंतच, असं सांगितलं होतं. रोपांची झाडं झाली, ज्या पोरांसाठी लावली ती पोरं बाप झाली, कुंपण जागचं हललं नाही. आत जायला परवाना लागे, परवान्याला वय पस्तिशीपार लागे. पाहुणा गोरा असला की पहारेकरी नुसती मान हलवून आत सोडायचा.

यंदा मात्र मे महिन्यात दार सगळ्यांना उघडायचं ठरलं होतं.

बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची सौसन उभी होती. शाळेत भूगोल शिकवणारी, एरवी कुणाच्या बापाला न भिणारी बाई, पण आज पायात दोन वेगवेगळ्या चपला.

“खाला, टीव्ही लाव.”

पडद्यावर जंगल समितीचे प्रमुख उस्ताज बहीज टायची गाठ सारखी करत बोलत होते. “गेल्या महिन्यात काही बेजबाबदार मंडळींनी कुंपण कापून आत सहल केली. ह्याच झाडाखाली निखारे फुलवले. आज ते झाड मेलं आहे. ज्यांना दार उघडायची घाई झाली आहे त्यांनी हे प्रेत बघावं. होर्श उघडणार नाही.” आणि त्यांनी सौसनचं नाव घेतलं, आडनावासकट.

त्या सहलीत वफीकाही होती. म्हातारीच्या बुंध्याला पाठ टेकून तिने द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात खाल्ला होता. नंतर आठवडाभर अंगभर पुरळ उठलं, खाजकुयली लागावी तशी आग. मोहल्ल्याला तेवढंच निमित्त. ‘चोरून जंगलात गेलात, जंगलाने चावा घेतला!’ भाजीवालासुद्धा हसून घ्यायचा.

“निखारे होते का गं?” वफीकाने विचारलं.

“हुक्क्याचे! चार निखारे, तेही पत्र्याच्या डब्यात. खाला, शाळेने मला घरी बसायला सांगितलंय. पोलिसांनी जबाबाला बोलावलंय. झाडाच्या खुनाचा आळ आहे माझ्यावर, आणि लोक हसतायत.”

वफीकाने अर्धं आयुष्य विमा कंपनीत काढलं होतं. जळालेल्या दुकानात जायचं, राख हुंगायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हे तिचं काम. तिने टीव्ही बंद केला.

“हसू देत. खून झालाय ह्यात शंका नाही. पण चार निखाऱ्यांनी म्हातारी मरणारी असती ना पोरी, तर ब्याऐंशीतच मेली असती.”

२

“मादाम, परवाना?”

“वय अडुसष्ट. परवान्याला पस्तीस लागतात ना? जवळजवळ दोन परवान्यांची बाई आहे मी.”

फाटकात उभ्या उस्ताज बहीजना हसू आलं नाही. “तुम्हीही त्या सहलीत होतात.”

“म्हणून तर आले. आरोपीला प्रेत बघायचा हक्क असतो.”

समितीचा प्रमुख म्हणून त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण फाटकाबाहेर माणसं जमू लागली होती, आणि भर रस्त्यात वफीका इतानीशी वाद घालायची त्यांची छाती झाली नाही. दोघं आत चालू लागली.

“शहरावर वाळू चालून यायची तेव्हा एका अमिराने ती अडवायला हे जंगल लावलं म्हणतात,” बहीज म्हणाले. “आज माणसं चालून येतात. त्यांना मी अडवतो.”

“आणि तोडलं कुणी हो, उस्ताज? पहिल्या महायुद्धात फौजांनी लाकडासाठी तोडलं. मग साहेबलोकांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी एक लचका गेला. रस्त्यांनी दुसरा नेला. उरलेलं विमानांनी जाळलं. ज्याच्या हातात हुकूम त्याने जंगल खाल्लं. डबा घेऊन आलेल्या बायकांनी कधी खाल्ल्याचं एक उदाहरण द्या मला.”

बहीज दुखावलेल्या आवाजात म्हणाले, “मी ह्या झाडांचा वैरी नाही. गेल्या वर्षी भुयारी पार्किंगवाली कंपनी आली होती. गाड्या खाली उतरायचा उतार त्यांना नेमका म्हातारीच्या जागी हवा होता. मी म्हटलं, जिवंत झाड पाडायची कायद्यात सोय नाही. वाटेला लावलं त्यांना.”

“जिवंत,” वफीका पुटपुटली.

म्हातारीपाशी ती गुडघ्यांवर बसली. माती हुंगली. ना रॉकेलचा वास, ना मिठाचा पांढुरका थर. मुळांशी मुंग्यांची ये-जा नेहमीसारखी चालू. बुंध्याचा जळका भाग होता तो ब्याऐंशीचा, जुना, गुळगुळीत. मग तिची बोटं सालीच्या एका भेगेवर थांबली. तिथली साल साल नव्हती. नखाने खरवडल्यावर एक गोल लाकडी खुंटी दिसली, बोटाएवढी, ठोकून बसवलेली. एक हात सोडून दुसरी. बुंध्याभोवती फेरी घालून ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

“हे काय आहे?” बहीज वाकून बघत म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच उतरला होता.

“भोकं. खोल पाडलेली आणि वरून बंद केलेली.” वफीका गुडघे झटकत उठली. “सहलीला आम्ही भात आणला होता, उस्ताज. ड्रिल नव्हतं आणलं.”

३

जंगलात रोज, हवं तेव्हा, कुणाला न विचारता फिरणारा माणूस एकच होता, रखवालदार अबू अदनान. कुंपणाला जिथे भगदाड पडलं होतं तिथेच तो उभा होता, आणि वफीकाकडे बघायचं टाळत होता.

“इथूनच आम्ही शिरलो, असं तू पोलिसांना सांगितलंस?”

“हो, सित्त वफीका. तार कापून.”

वफीकाने एका तुटक्या तारेवर बोट टेकवलं. “बाहेर उभं राहून कापलं, दाबून वाट केली, की टोकं आत वळतात. ही सगळी बाहेर वळलीत. रस्त्याकडे. आत उभा राहून कापलंय कुणीतरी. आणि आम्ही तर फाटकातून आलो होतो, अबू अदनान. ते उघडंच होतं. माझ्या गुडघ्यांना कुंपणातून रांगणं जमेल असं वाटलं तुला?”

म्हातारा खाली बसला.

“फाटक मीच सोडलं उघडं,” तो म्हणाला. “मी लहान असताना ईदचे झोपाळे इथे लागायचे. अर्धं बैरूत यायचं, कुणी कुणाचा धर्म विचारायचं नाही. त्याच फाटकावर उभं राहून मी इतकी वर्षं नाही म्हणतोय. माझ्या नातवंडांनासुद्धा. त्या दिवशी तुम्ही पातेली घेऊन आलात, आणि माझी जीभच रेटेना. मग संध्याकाळी भीती वाटली. नोकरीची. म्हणून तार कापली.”

“खरं बोललास तर तुझी नोकरी जाईल. नाही बोललास तर सौसनची जाईल.”

अबू अदनानने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. “मी बोलेन. पण झाडाला मी हात लावला नाही. लेकरांची शपथ.”

“मग त्या खुंट्या?”

“त्या होय?” त्याला नवल वाटलं. “त्या तर सगळ्याच जुन्या झाडांना आहेत. हिवाळ्याच्या तोंडावर ठोकल्यात.”

वफीका शेजारच्या पाइनकडे गेली. तशीच खुंटी, तसंच भोक. पुढच्यालाही. त्याच्या पुढच्यालाही. तिने मान वर केली. प्रत्येक झाडाची छत्री हिरवीगार होती.

भोकांनी झाड मरत नव्हतं. हातातला एकुलता एक पुरावा गळून पडला होता.

४

“अळीचं औषध,” खुंट्यांचं काम केलेला शेतकी इंजिनिअर रामेझ सलहब हसून म्हणाला. शहराच्या हमरा भागातल्या त्याच्या कार्यालयात कॉफी उत्तम होती आणि खुर्च्या मऊ होत्या. “समितीनेच काम दिलं होतं. बहीज साहेबांनी सही केली, पण औषध देतात कसं ते बघायला काही ते आले नाहीत. पाइनच्या शेंड्याला हिवाळ्यात कापसाच्या बोंडासारखी घरटी लटकतात, पाहिलीत ना? त्यांत अळ्या असतात. पानं खातात, हिवाळा सरला की एकामागोमाग एक रांग धरून बुंध्यावरून मातीत उतरतात. आपण बुंध्यात भोक पाडून औषध भरायचं. ते रसाबरोबर वर चढतं. अळीने पान खाल्लं की घरट्यातच खलास.”

“आणि झाड?”

“झाडाला काय धाड भरलीय? बाकीची बघा की, कशी टवटवीत आहेत. एकच औषध, एकाच आठवड्यात दिलेलं.”

“म्हातारीलाही?”

“तिला तर मी स्वतः दिलं. मजुरांना हात लावू दिला नाही. जुनं झाड, मान नको राखायला? चांगला दुप्पट डोस दिला. यंदा होर्शमध्ये एक अळी जमिनीवर उतरली नसेल, लिहून देतो.” तो पुढे झुकला. “मादाम, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या शिक्षिकाबाईंना वकील बघायला सांगा. मुळांवर निखारे म्हणजे विषच.”

वफीकाकडे विचारायला काही उरलं नव्हतं. औषध दिल्याचं तो लपवत नव्हता. सही होती, काम खुलं होतं, बाकीची झाडं साक्षीला उभी होती. ती दारापर्यंत गेली तेव्हा तो मागून म्हणाला, “आणि पुढच्या सहलीला मलम घेऊन जा! ऐकलं, सगळ्यांना खाज सुटली होती म्हणे.”

जिना उतरताना तिचे कान तापले होते. चार अनोळखी माणसांबरोबर टॅक्सीत दाटीवाटीने बसल्यावर तिने रागारागाने कोपर खाजवलं. महिना उलटला तरी डाग गेला नव्हता. मलम देताना औषधवाल्याने काय म्हटलं होतं? ‘हे अळीचे केस आहेत, सित्त. अंगाला चिकटतात.’

खाजवणारा हात जागीच थांबला.

तिने सौसनला फोन लावला. “सहलीत कोण कुठे बसलं होतं, आठवतंय?”

“हे काय मध्येच? आपण म्हातारीखाली. चादर पुरली नाही म्हणून मुनीर आणि त्याची मंडळी पलीकडच्या पाइनखाली.”

“खाज कुणाकुणाला सुटली?”

“आपल्यालाच. त्यांच्यातल्या एकालाही नाही. मुनीर फुशारक्या मारत होता ना, नशीबवान म्हणून.”

“नशीब कसलं!” वफीका इतक्या जोरात बोलली की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. “त्यांच्या झाडाला औषध मिळालं होतं.”

५

पोलिसांनी सौसनला चौकीत बोलावलं होतं. वफीकाने अधिकाऱ्याला फोन करून सांगितलं की जबाब प्रेतापाशीच होईल, हवं तर बेड्या घेऊन या. तो तरुण होता, ह्याच मोहल्ल्यात वाढलेला; होर्शमध्ये पाऊल टाकायचं त्याचं अजून वय झालं नव्हतं. तो लगेच आला. बहीज आले. इंजिनिअर रामेझलाही समितीने तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. कुंपणाबाहेर लोकांची दाटी झाली होती. कुणी खुर्च्या आणल्या होत्या, कुणी सूर्यफुलाच्या बिया.

अबू अदनानने आधी तारेचं आणि फाटकाचं सांगून टाकलं, मान खाली न घालता. मग वफीकाने त्याला लांब काठीचा कोयता घ्यायला लावला.

“पलीकडच्या पाइनवरचं घरटं पाड.”

पांढरट, मळकट बोंड धपकन पडलं. वफीकाने हातात जाड मोजे चढवले, तोंडाला ओढणी बांधली आणि ते टराटरा फाडलं. आतून वाळक्या, आखडलेल्या अळ्या ढिगाने सांडल्या. दुसऱ्या झाडाचंही तसंच. तिसऱ्याचंही.

“औषध चांगलं होतं, इंजिनिअर साहेब. शाबास.”

रामेझने मान डोलावली, पण त्याची नजर काठीवर होती.

“आता म्हातारीचं.”

ते घरटं सगळ्यांत मोठं होतं. वफीकाने ते फाडून उलटं केलं, झटकलं. नुसती कात आणि लेंड्या पडल्या. अळी एकही नाही.

“ह्यातल्या कुठे गेल्या? मी सांगते. धडधाकट जगल्या, वेळ झाल्यावर रांग लावून बुंध्यावरून उतरल्या. खाली आम्ही जेवत बसलो होतो. म्हणून म्हातारीखालच्या सगळ्यांना पुरळ उठलं आणि पलीकडे बसलेल्या एकालाही नाही. ज्या झाडाला साहेबांनी स्वतःच्या हाताने दुप्पट औषध दिलं, नेमक्या त्याच झाडावरच्या अळ्या जिवंत राहिल्या.”

“जुनं झाड आहे,” रामेझ घाईने म्हणाला. “रस वर चढत नाही. औषध खालीच राहिलं असेल.”

“मीही तसंच म्हटलं होतं स्वतःशी,” वफीका शांतपणे म्हणाली. “पण झाड शेंड्यापर्यंत वाळलंय. एकूण एक पान. भोकांत जे भरलं ते अगदी टोकापर्यंत चढलं. चढलं, पण अळीला काही झालं नाही, झाड मेलं. मग ते अळीचं औषध कसं? बाकीची भोकं पाडली ती ह्या भोकांना लपवायला. चोराने बाजारात लपावं तसं.”

अधिकाऱ्याने एक खुंटी उपटायला लावली. आतलं लाकूड काळपट ओलं होतं. त्याने तुकडा काचेच्या बरणीत घेतला, झाकण लावलं आणि तपासायला विद्यापीठात पाठवतो म्हणाला.

बहीज बरणीकडे बघत राहिले. “उतार,” ते हळूच म्हणाले. “मी त्यांना म्हटलं होतं, जिवंत झाड पाडता येत नाही.” मग रामेझकडे वळून, “माझ्या सहीवर? माझ्या सहीवर केलंस हे?”

“ती दहा-वीस वर्षांत तशीही मेलीच असती!” रामेझचा आवाज चढला. “एका म्हाताऱ्या झाडापायी शेकडो गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात. मी काय माणूस मारला?”

“सगळेच कधी ना कधी मरतात, इंजिनिअर साहेब. म्हणून खून माफ होत नाही. आणि माणूस तुम्ही मारायला निघालाच होतात. ती बघा, तिथे उभी आहे.”

सौसनने त्याच्याकडे पाहिलं आणि आयुष्यभर वर्गात वापरलेल्या आवाजात म्हणाली, “खाली बघू नका. माझ्याकडे बघून बोला.”

त्याला ते जमलं नाही.

६

बरणीतून तणनाशक निघालं. रामेझने जबाबात कंपनीच्या माणसाचं नाव घेतलं, कंपनीने तो माणूस आमचा नव्हेच म्हणून हात वर केले. शाळेने सौसनला परत बोलावलं. बहीज स्वतः तिच्या दारी मिठाई घेऊन आले, टाय न लावता. माफी मागितली आणि निघता निघता म्हणाले, “दार मात्र चौकशी पुरी होईपर्यंत बंदच ठेवावं लागेल.”

शनिवारी सगळा मोहल्ला पातेली घेऊन फाटकासमोर उभा राहिला. बहीज आडवे आले. अबू अदनानने खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि किल्ली बहीजच्या हातात ठेवली. “मी नोकरी सोडली, उस्ताज. आता माझ्याकडे परवाना नाही. माझा नंबर पहिला.” आणि तो आत गेला. त्याच्यामागे नातवंडं, त्यांच्यामागे सगळे. तो तरुण अधिकारी बंदोबस्ताला होता. त्याने बराच वेळ आभाळाकडे पाहिलं, मग टोपी काढून तोही गेला.

सोमवारी नवं कुलूप लागलं. शनिवारी ते तोडलं गेलं. असं उन्हाळाभर चाललं. मग एका सोमवारी कुणी कुलूप लावायला आलंच नाही.

पण कंपनी वस्ताद होती. नवं नाव लावून तिने अर्ज केला. झाड कसंही मेलेलं असो, आता ते मेलेलं आहे. पाडायला हरकत नसावी.

वफीका न्यायालयात स्वतः उभी राहिली. “हुजूर, खुनाच्या खटल्यात प्रेत हाच पुरावा. निकाल लागेपर्यंत पुराव्याला हात लावता येतो का?”

न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. त्यांनीही लहानपणी होर्शमधल्या एखाद्या झोपाळ्यावर झोका घेतला असावा. “नाही लावता येत,” ते म्हणाले, आणि तसा हुकूम केला.

त्या दिवसापासून खटला लवकर संपवायला कंपनी धडपडते आहे आणि लांबवायला वफीका. कधी साक्षीदार आजारी पडतो, कधी न्यायालयाची वीज जाते, कधी वफीकाचे गुडघे ऐन तारखेला दुखू लागतात. म्हातारी वाळलेली, काळी, ताठ उभी आहे. तिच्या शंकूसारख्या फळांतून गळलेलं बी मातीत रुजलंय. आता त्या रोपांचे शेंडे सौसनच्या कमरेला लागतात. ती जिवंत झाडं आहेत, आणि जिवंत झाड पाडायची कायद्यात सोय नाही.

परवा पुन्हा तारीख होती. कंपनीचा वकील पुढच्याच आठवड्यातली तारीख मागत होता. न्यायाधीशांनी वफीकाला विचारलं, “तुमचं काय म्हणणं?”

“घाई कशाला, हुजूर?” ती म्हणाली. “रोपं मोठी होऊ द्या.”